रँकिंग बाजूला ठेव

प्रिय मुली,

तुझं पत्र रात्री दोनदा वाचलं. नेदरलँड्समधल्या सहा विद्यापीठांची यादी, प्रत्येकापुढे रँकिंग, आणि खाली 'काका, कुठं जाऊ?' तुला शिकायचंय काय, ते मात्र यादीत कुठंच नाही. आधी एवढंच बघ: यादीतलं प्रत्येक नाव उनिव्हर्सिटाइट आहे की होगेस्खोल?

इथले हे दोन वेगळे रस्ते. लायडन, उट्रेख्त, वाखेनिंगेन ही उनिव्हर्सिटाइट, म्हणजे संशोधनाची विद्यापीठं, पदवी 3 वर्षांची. होगेस्खोलची पदवी 4 वर्षांची, त्यात प्रत्यक्ष कामावर जाऊन शिकणं भरपूर. इंग्रजीत दोघांनाही 'युनिव्हर्सिटी'च म्हणतात आणि आपली मुलं तिथंच चुकतात.

मी चुकलो. होगेस्खोलमधून पदवी घेतली, संशोधनाच्या मास्टर्सला अर्ज करायला गेलो, तर आधी प्री-मास्टर, म्हणजे मास्टर्सच्या तयारीचा अभ्यासक्रम, कर म्हणाले. आणखी एका वर्षाचा खर्च वडिलांना फोनवर सांगितला, तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. ती शांतता अजून कानात आहे.

पण होगेस्खोल कमी दर्जाचं, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. काचेच्या हरितगृहात टोमॅटोच्या वेलींत सहा महिने राबलो, पाणी आणि खत मोजून द्यायला शिकलो. आज त्याच्यावरच माझं घर चालतं. चूक शाळेची नव्हती. मी विचारलं नाही, ही चूक.

म्हणून तू विचार. बाबांच्या द्राक्षबागेत डाऊनी रोग का येतो, हे शोधायचंय? मग उनिव्हर्सिटाइट. बाग उत्तम चालवायचीय? मग होगेस्खोल. दोन्हींत कमीपणा नाही, पण न बघता अर्ज करू नकोस!

वर्षाला 60 क्रेडिट, एकेक 28 तासांच्या अभ्यासाचं. पहिल्या वर्षी ठरलेले क्रेडिट झाले नाहीत तर तो अभ्यासक्रम सोडावा लागू शकतो. युरोपाबाहेरच्यांना फी इथल्या मुलांच्या कितीतरी पट, आणि सत्रात नोकरीला परवानगी आठवड्याला 16 तासांची. त्यातून फी निघेल, हे डोक्यातून काढ. आणि दहापैकी आठ मिळाले तर रडू नकोस, इथं ते फार चांगले मार्क.

रविवारपर्यंत सहाही नावांपुढे उनिव्हर्सिटाइट की होगेस्खोल, तो एक शब्द लिही आणि पहिल्या वर्षाचे विषय वाच. मग फोन कर, कितीही वाजता. मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमांच्या अर्जाची मुदत 15 जानेवारीला संपते.

तुझा काका