मारधाड आणि शर्यती सोडून खरोखर वेगळे, कल्पक आणि साध्या लॅपटॉपवर चालतील असे कोणते संगणकीय गेम खेळून पाहावेत?

तुम्ही प्रश्नात दोन अटी घातल्या आहेत: मारधाड आणि शर्यती नकोत, आणि गेम कार्यालयीन कामासाठी घेतलेल्या साध्या लॅपटॉपवर चालला पाहिजे. यातली दुसरी अट वाटते तितकी जाचक नाही. चमकदार कल्पना असलेले बरेचसे गेम एकट्यादुकट्या माणसाने किंवा लहानशा गटाने केलेले असतात आणि भव्य चित्रांवर ओतायला त्यांच्याकडे पैसाच नसतो. मी व्यवसायाने मुद्रितशोधक आहे आणि गेमकडे वळलो तो चाळिशी उलटल्यावर, भाचीच्या आग्रहामुळे. बोटे झरझर चालवावी लागतील असे गेम मला झेपत नाहीत, त्यामुळे ते या उत्तरात जवळजवळ नाहीत. वेगळेपणाची माझी कसोटीही सांगून टाकतो. गोष्ट वेगळी आहे किंवा चित्रे सुंदर आहेत एवढ्याने माझे समाधान होत नाही; खेळणाऱ्याला जे काम करावे लागते, ते काम यापूर्वी दुसऱ्या कुठल्या गेमने त्याच्याकडून करून घेतलेले नसावे.

या कसोटीवर माझ्या मते सर्वांत वर येतो तो लुकास पोप यांचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. तो 2018 मध्ये आला. ओब्रा डिन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातले मालवाहू जहाज 1802 मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघाले, केप ऑफ गुड होपला पोहोचलेच नाही आणि बुडाले असे धरले गेले. 1807 मध्ये एका सकाळी ते इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात आपोआप वाहत आले, तेव्हा त्यावर जिवंत माणूस नव्हता. तुम्ही कंपनीच्या वतीने विम्याचा तपास करणारे अधिकारी. तुमच्याजवळ एक वही आणि एक खिशातले घड्याळ. सांगाड्यापाशी उभे राहून घड्याळ उघडले की त्या माणसाच्या मरणापूर्वीचे काही क्षण फक्त ऐकू येतात आणि मग तो मरणाचा क्षण गोठून तुमच्याभोवती उभा राहतो. त्या गोठलेल्या क्षणात तुम्ही फिरू शकता, कोणाच्या हातात काय आहे, कोण कोणाकडे पाहत आहे, दाराआड कोण लपले आहे हे निरखू शकता. बदलू मात्र काहीच शकत नाही.

जहाजावरच्या 60 माणसांपैकी प्रत्येकाचे नाव काय, त्याचे काय झाले आणि कोणाच्या हातून झाले, हे वहीत भरायचे. गेम तुम्हाला कोणाचेही नाव सरळ सांगत नाही. नावांची यादी आहे, तीत हुद्दा आणि देश दिलेला आहे. जहाजावरच्या चित्रकाराने काढलेली सगळ्यांची रेखाटने आहेत. चेहरा आणि नाव यांची गाठ मात्र तुम्ही मारायची, तीही बोलण्याच्या लकबीवरून, कपड्यांवरून, जेवायला कोण कोणाशेजारी बसतो यावरून. अंदाजपंचे नावे टाकून पाहण्याची पळवाट पोप यांनी फार चतुराईने बंद केली आहे: तीन माणसांच्या नोंदी पूर्ण बरोबर झाल्याखेरीज गेम एकाही नोंदीला दुजोरा देत नाही. तिघे जुळले की हस्ताक्षरातल्या त्या ओळी छापील अक्षरांत बदलतात. आयुष्यभर मुद्रिते तपासलेल्या माणसाला याहून मोठे बक्षीस देता येणार नाही.

एक धागा उघड करतो, त्याने फारसे बिघडणार नाही. खलाशांच्या यादीत बरेच परदेशी आहेत, त्यांत हिंदुस्थानातलेही आहेत. (इंग्रज अशा आशियाई खलाशांना ‘लास्कर’ म्हणत, तो आपल्या ‘लश्कर’चाच भाऊ.) या साध्या खलाशांपाशी मी चार संध्याकाळी अडून बसलो होतो, कारण ते बोलत नाहीत, गणवेशात नाहीत आणि सगळे सारखेच दिसतात. मी चेहरे पाहत होतो. भाची मागे उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, “मामा, माणसांकडे नको बघूस, झोळ्यांकडे बघ.” छताला टांगलेल्या झोपायच्या झोळ्यांवर आकडा होता आणि यादीत प्रत्येक नावापुढे अनुक्रमांक. तो अनुक्रमांक मी पहिल्या दिवसापासून पाहत होतो आणि यादीला आकडे असायचेच म्हणून सोडून देत होतो. संपूर्ण चित्रण पूर्वीच्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यासारखे, दोनच रंगांच्या ठिपक्यांचे आहे. मृत्यूची दृश्ये आहेत आणि काही बीभत्सही आहेत, पण या ठिपक्यांमुळे ती सुसह्य होतात. लहान मुलांसमोर मात्र खेळू नका.

दुसरा गेम याच्या अगदी उलट, दिसायला बालवाडीतला. ‘बाबा इज यू’ हा फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांचा गेम. तो 2017 च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये, म्हणजे काही तासांत गेम घडवण्याच्या एका मेळाव्यात, जन्मला आणि वाढवून 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. बाबा हा पांढरा, सशासारखा दिसणारा लहानसा प्राणी. पडद्यावर भिंती, दगड, झेंडा अशा वस्तू असतात आणि त्यांच्याच शेजारी शब्दांचे ठोकळे पडलेले असतात: ‘बाबा इज यू’, ‘वॉल इज स्टॉप’, ‘फ्लॅग इज विन’. हे ठोकळे म्हणजेच गेमचे नियम आणि ते ढकलता येतात. ‘वॉल इज स्टॉप’मधला एक शब्द बाजूला सरकवला की नियम मोडतो आणि भिंतीतून आरपार चालत जाता येते. ‘वॉल इज यू’ असे जुळवले की तुम्ही बाबा राहत नाही, पडद्यावरच्या सगळ्या भिंती म्हणजे तुम्ही होता आणि बाण दाबला की सगळ्या एकदम चालू लागतात. चुकून ‘बाबा इज यू’ मोडले तर तुम्ही कोणीच उरत नाही. मग मुकाट्याने मागे जाण्याची कळ दाबायची. दोनशेहून अधिक कोडी आहेत आणि पहिली वीस सोडली तर सोपे जवळजवळ काहीच नाही.

हा गेम मराठीत करता येईल का, यावर आमच्या घरी एकदा जेवण थंड होईपर्यंत वाद झाला. माझे म्हणणे होते की शक्य नाही, कारण आपले क्रियापद शेवटी जाते आणि लिंगवचनाप्रमाणे बदलते. भाचीने एका शब्दात मला गप्प केले: ‘म्हणजे’. बाबा म्हणजे तू. भिंत म्हणजे अडथळा. झेंडा म्हणजे विजय. इंग्रजीतल्या ‘इज’पेक्षाही हे ठोकळे चोख बसतात. पण पुढच्या कोड्यांत ‘दगडावर असलेला बाबा’ किंवा ‘भिंतीजवळचा झेंडा’ अशा अटी येऊ लागतात आणि तिथे आपले सामान्यरूप आडवे येते. ‘भिंत’ हा ठोकळा ‘जवळ’च्या शेजारी सरकला की त्याला स्वतःचा आकार बदलून ‘भिंती’ व्हावे लागेल. वाद तिथे बरोबरीत सुटला.

सॅम बार्लो यांचा ‘हर स्टोरी’ (2015) हा वाचायची-ऐकायची सवय असलेल्यांसाठी. यात खरी चित्रित केलेली दृश्ये आहेत: 1994 मध्ये पोलिसांनी एका बाईच्या घेतलेल्या सात मुलाखती, लहान लहान तुकड्यांत कापलेल्या. तुमच्यासमोर पोलीस ठाण्यातला एक जुनाट संगणक आणि शोधाची चौकट. शब्द टाइप करायचा. तो शब्द तिने ज्या तुकड्यांत उच्चारला असेल ते तुकडे सापडतात, मात्र त्यांतले काळाच्या क्रमाने पहिले पाचच पाहता येतात. सगळी मेख या पाचात आहे. नेहमीच्या शब्दाने आरंभीच्या मुलाखतीच हाती लागतात. शेवटचे सत्य हवे असेल तर तिने शेवटीच वापरला असेल असा शब्द तुम्हाला सुचावा लागतो. इंग्रजी उच्चार कानाला जड वाटत असतील तर उपशीर्षके चालू ठेवा आणि जवळ कागद-पेन्सिल घ्या.

‘ड्वार्फ फोर्ट्रेस’विषयी मी जरा हात राखून लिहितो, कारण मी स्वतः तो दोनदा सोडून दिला आहे. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन भावांनी 2006 पासून लोकांसमोर ठेवलेला आणि अजूनही वाढवत नेलेला हा बुटक्यांच्या वसाहतीचा गेम न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2012 मध्ये आपल्या संग्रहासाठी निवडला. त्याचे मूळ रूप नुसत्या अक्षरांचे आहे. 2022 च्या डिसेंबरमध्ये चित्रे असलेली, विकत घ्यायची आवृत्ती आली. यात जगाचा इतका बारीक हिशेब ठेवला जातो की त्यातून कोणी न लिहिलेल्या घटना घडतात. गेममध्ये दारूचे गुत्ते आले, त्यानंतर वसाहतीतली मांजरे मरू लागली. शोध घेतल्यावर उलगडा झाला: बुटके पीत असताना दारू जमिनीवर सांडे, मांजरे त्यातून चालत, त्यांचे पंजे भिजत आणि मांजरांच्या रीतीप्रमाणे ती पंजे चाटून साफ करत. हिशेबातल्या एका चुकीमुळे प्रत्येक चाटणे म्हणजे भरलेला पेला धरले जाई, आणि मांजराचे वजन ते किती! पंजे भिजणे, चाटणे, अंगाच्या मानाने नशा चढणे हे तिन्ही नियम वेगवेगळ्या कामांसाठी लिहिलेले होते. मांजरांचा मृत्यू कोणीच लिहिला नव्हता. हा गेम शिकायला काही आठवडे लागतात, तेव्हा नोकरी-संसार सांभाळून खेळणार असाल तर विचार करा.

‘अनपॅकिंग’ (2021) ऑस्ट्रेलियातल्या विच बीम या स्टुडिओचा. एका मुलीचे आठ घरबदल, 1997 पासून 2018 पर्यंत. प्रत्येक वेळी खोकी उघडायची आणि सामान लावायचे, बस्स. ती मुलगी पडद्यावर दिसत नाही आणि जवळपास काही बोलतही नाही. 2010 मध्ये ती प्रियकराच्या घरी राहायला जाते. मी खोक्यातून तिचे पदवीचे प्रमाणपत्र काढले आणि टांगायला जागा शोधू लागलो; भिंती त्याच्या चित्रांनी भरलेल्या. इकडे ठेवले, तिकडे ठेवले, गेम लाल कडा दाखवून नको म्हणतो. शेवटी ते बसते ते पलंगाखाली. हे नाते टिकणार नाही हे मला कोणी सांगितले नाही, मीच ते प्रमाणपत्र तिथे सरकवले होते. त्याच जातकुळीतला ‘वेण्बा’ (2023) हा कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाचा गेम आहे. आईच्या फाटक्या, पुसट झालेल्या पाकवहीतून इडलीसारख्या पदार्थांची कृती जुळवायची. दीड-दोन तासांत संपतो, पण ज्यांची मुले परदेशात आहेत अशा मराठी घरांत तो मनाला जास्तच लागेल.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (2020) तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. त्यातल्या हवेल्या आणि भित्तिचित्रे पाहण्यासारखी आहेत, पण तो मुळात मारामारीचाच गेम आहे, म्हणून तुमच्या पहिल्या अटीत बसत नाही.

पैसे न घालता सुरुवात करायची असेल तर ‘अ डार्क रूम’ (2013) ब्राउझरमध्ये उघडा. काळोखी खोली, विझलेली शेकोटी आणि ती पेटवण्याचा एकच पर्याय. पुढे काय होते ते सांगणार नाही, अर्धा तास मात्र द्या. चेष्टा म्हणून बेनेट फॉडी यांचा ‘क्वॉप’ (2008) पाहा: शंभर मीटर धावायचे, दोन कळा मांड्यांच्या, दोन पोटऱ्यांच्या. माझा धावपटू आजवर तीन मीटरांपुढे गेलेला नाही आणि एकदा तर उलटा गेला.

विकतचे गेम स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेणार असाल तर एक सोय लक्षात ठेवा: घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात, त्यामुळे लॅपटॉपवर चालतो की नाही हे निर्धास्त तपासा. मी तुमच्या जागी असतो तर ‘बाबा’पासून सुरुवात केली असती आणि ‘ओब्रा डिन’ सलग सुट्टीसाठी राखून ठेवला असता. त्याची उत्तरे आंतरजालावर शोधू नका, तो दुसऱ्यांदा खेळता येत नाही. फारच अडलात तर मला विचारा. नाव सांगणार नाही, कुठे पाहायचे तेवढे सांगेन.