हात जवळ नेला की बटण आपोआप कसं दाबलं जातं?

प्रश्न : आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या ७ नंबरच्या पिनपासून बटणातून ५ व्होल्टला वायर नेली आहे. बटण न दाबताही एलईडी लुकलुकतो, हात जवळ नेला की जास्तच. बोर्ड खराब निघाला का?

उत्तर : बोर्ड ठणठणीत आहे. बटण दाबता तेव्हा पिनवर ५ व्होल्ट येतात, हे बरोबर. पण सोडल्यावर पिनला कुणाचाच आधार उरत नाही, ती अधांतरी राहते. काही जोडलेलं नाही म्हणजे शून्य, असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपच्या इनपुटमधून १ मायक्रोअँपिअरसुद्धा करंट जात नाही. त्यामुळे भिंतीतल्या ५० हर्ट्झच्या वायरिंगचा किंवा तुमच्या हाताचा जरासा परिणामही तिला हलवायला पुरतो. ५ व्होल्टवर ही चिप १.५ व्होल्टच्या खाली ‘लो’ आणि ३ व्होल्टच्या वर ‘हाय’ नक्की वाचते. मधल्या पट्ट्यात काय वाचेल याची हमी नाही.

बटणाचं एक टोक पिनला, दुसरं थेट ग्राउंडला जोडा आणि कोडमध्ये पिन कशी वापरायची ते ठरवणाऱ्या पिनमोडमध्ये इनपुट_पुलअप लिहा. चिपच्या आतला २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे पुल-अप, पिनला ५ व्होल्टकडे धरून ठेवतो. आता अर्थ उलटा होतो: दाबलं की लो, सोडलं की हाय. कोडमधली अट तेवढी बदला. मी स्वतः नेहमी हीच जोडणी वापरतो. बाहेरचा रेझिस्टर लागत नाही, शिवाय ५ व्होल्टची वायर बटणापर्यंत फिरवावी लागत नाही. हो, चार पायांच्या बटणात दोन-दोन पाय आतून जोडलेलेच असतात. समोरासमोरच्या कोपऱ्यातले, म्हणजे तिरपे पाय घेतले की चूक होत नाही.

प्रश्न : एकदा बटण दाबलं तरी आकडा तीन-चारने वाढतो. डिले(२००), म्हणजे २०० मिलिसेकंदांचा थांबा, टाकला तर थांबतं, पण मग बाकीचा प्रोग्राम अडखळतो.

उत्तर : बटणातल्या पट्ट्या एकमेकींवर आपटून काही मिलिसेकंद उसळत राहतात. तेवढ्या वेळात उनो शेकडो वेळा पिन वाचू शकतो, म्हणून प्रत्येक उसळी त्याला नवी दाब वाटते. डिले काढून टाका. वाचन बदललं की मिलिस()ची, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ती, वेळ टिपून ठेवा. पुढचे २० मिलिसेकंद तेच वाचन टिकलं तरच ते खरं माना, आणि अशा पक्क्या स्थितीत हायवरून लोवर बदल झाला तेव्हाच आकडा वाढवा. वेळ अनसाइन्ड लाँगमध्ये (ऋण न होणाऱ्या मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात) ठेवा आणि ‘आताची वजा टिपलेली’ अशीच वजाबाकी करा. मग सुमारे ५० दिवसांनी मिलिस() पुन्हा शून्यावर आला तरी हिशेब चुकत नाही. पुष्कळ जण यावर इंटरप्ट सुचवतात, म्हणजे पिन बदलताच चालू काम थांबवून दखल घेणारी सोय. तो उसळी थांबवत नाही, उलट एकूण एक उसळी पकडतो.

प्रश्न : गच्चीवरच्या टाकीत फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीनुसार चालू-बंद होणारा) आहे, १५ मीटर वायर खाली आणली आहे. पंप सुरू झाला की टाकी भरल्याचा खोटा सिग्नल येतो.

उत्तर : एवढ्या लांब वायरीची अँटेना होते, आणि आतला पुल-अप तिच्यापुढे फार कमजोर पडतो. बोर्डाजवळ ही वायर आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावा. वायरीकडून येणारा सिग्नल १० किलोओहममधून पिनवर घ्या आणि पिनपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडा. मिलिसेकंदाहून छोटे झटके तिथेच बरेचसे विरतात. सिग्नल आणि ग्राउंडच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन आणा, पंपाच्या केबलपासून दूर. टाकी दोन सेकंदांत भरत नाही, म्हणून कोडमध्येही सलग दोन सेकंद तेच वाचन आलं तरच पंप बंद करा. इतकं करूनही त्रास राहिला तर ऑप्टोकपलर (थेट विजेच्या जोडणीऐवजी प्रकाशातून सिग्नल देणारा भाग) घाला.

प्रश्न : ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डाच्या ३४ नंबरच्या पिनवर इनपुट_पुलअप चालतच नाही.

उत्तर : मूळ ईएसपी३२ मध्ये ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप नाहीच. बाहेरून १० किलोओहम लावा, पण ३.३ व्होल्टला. ५ व्होल्ट त्या पिनवर कधीही देऊ नका.