भांडण मुक्कामाला ठेवू नकोस

अरे बाळा,

रात्री दोनला तुझा मेसेज आला, स्क्रीनशॉटसकट. मोबाईलवर नाणी उडवलीस, यी चिंग या जुन्या चिनी शकुनाच्या पुस्तकातली 56 नंबरची, सहा रेघांची आकृती आली, ल्यू म्हणजे प्रवासी, आणि सगळ्यात वरची रेघ बदलणारी: पक्ष्याचं घरटं जळतं, प्रवासी आधी हसतो मग हंबरडा फोडतो, बैल जातो, अशुभ. आणि तू विचारतोस, काका, राजीनामा देऊ का? चीनमध्ये सुझौला जाऊन आठ महिने झाले, त्यातले चार महिने तू तुझ्या लाइन मॅनेजरशी बोलत नाहीयेस, हे मात्र मेसेजच्या शेवटी, जाता जाता. बैल तिथेच बांधलाय रे तुझा.

घरटं बघून घाबरलास, पण बाकीचं पान वाचलंस का? खाली डोंगर, वर आग. डोंगर जागचा हलत नाही, आग गवत संपलं की पुढे सरकते. यावर जुन्या चिनी भाष्यात काय लिहिलंय, तर शहाण्याने शिक्षा देताना डोळे उघडे ठेवावेत, जपून द्यावी, आणि खटले तुंबवू नयेत. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं पान चुकलं, प्रवासाच्या गोष्टीत कोर्टकचेरी कुठून आली? मला ते कळायला नऊ वर्षं लागली, तुला आज सांगतोय तर ऐक. परक्या गावात भांडण मुक्कामाला ठेवायचं नाही. आपल्या गावात ठेवलं तर चालतं, तिथे मामा असतो, शेजारी असतो, कुणीतरी मध्ये पडतं. तिथे तुझं कोण आहे?

मी तिकडेच चीनमध्ये शाओशिंगच्या खछ्याओ कापड बाजारात होतो तेव्हा एका डाइंगवाल्याने माल पाठवला, अर्ध्या ताक्यांचा शेड वेगळा. चूक त्याचीच होती, आजही सांगतो. तो म्हणाला थोडं डिस्काउंट घे आणि विषय संपव, मी म्हटलं पूर्ण पैसे परत, आणि ते दोन वर्षं चाललं. माझ्याकडे दुभाषी म्हणून एक तिथलाच पोरगा होता, तुझ्याच वयाचा, मला भाजी बघून आणून द्यायचा, दवाखान्यात सोबत यायचा. त्याला मी रोज फोनवर त्या माणसाला टाकून बोलायला लावायचो, त्याच्याच गावच्या, त्याच्या बापाच्या वयाच्या माणसाला. एक दिवस किल्ली टेबलावर ठेवून गेला.

आता ल्यूची दुसरी रेघ वाच: प्रवासी धर्मशाळेत पोचतो, पैसे जवळ आहेत, विश्वासू पोरगा मिळतो. तिसरी: धर्मशाळा जळते, पोरगा जातो. मधे एका रेघेचं अंतर. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं, चार दिवस हात लावला नाही.

चौथी तुझी आहे. राहायला जागा मिळाली, पैसाअडका आणि कुऱ्हाड हातात आली, तरी ‘माझं मन खूश नाही’. तुझा फ्लॅट, तुझा पगार आणि तुझा रविवार. ते मन खूश नसणं तसंच असू दे, प्रवाशाचं असतंच. कन्फ्यूशियसला स्वतःचं नशीब बघताना हीच आकृती आली आणि तो रडला अशी एक जुनी आख्यायिका आहे, तू तर तिशीही गाठली नाहीस. ही आकृती देऊन देऊन देते काय, तर छोटं यश. छोटं! तुला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मॅनेजरची माफी हवीये. ती नाही मिळायची.

आणि तो बैल. गू च्येकांग नावाच्या चिनी इतिहासकाराने 1929 मध्ये दाखवलं की ही वांग हायची गोष्ट आहे, चीनच्या प्राचीन शांग राजघराण्याचा पूर्वज, गुरं घेऊन यी लोकांच्या मुलखात पाहुणा म्हणून राहिला. जुन्या नोंदीत आहे की पाहुणा असून तिथे भलतेच उद्योग केले, यजमानाने मारून टाकलं. मग त्याच्या मुलाने दुसऱ्याकडून सैन्य मागून आणलं आणि यजमानालाच संपवलं. भांडण मुक्कामाला राहिलं की पोरांच्या घरापर्यंत येतं ते असं.

त्या अ‍ॅपने पुढची आकृती दाखवली असेल ना? वरची रेघ बदलली की 62 येते, तिथेही पक्षी आहे, तो म्हणतो वर जाऊ नको, खाली ये. म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला हवं का? सोमवारी मॅनेजरच्या टेबलापाशी जा, चहाचा डबा ने, चुकलं म्हणू नकोस, पुढच्या बॅचचं कसं करूया एवढंच विचार. पाच मिनिटं. राजीनामा द्यायचाच तर त्यानंतर दे, मी अडवणार नाही, पण भांडण तिथे सोडून विमानात बसलास तर ते पुण्यात तुझ्या आधी पोचलेलं असेल. मला माहितीये.

त्या पोराला मी नंतर दोनदा मेसेज केला. दुसरा त्याने वाचला, एवढं दिसलं.

आणि हो, शेड वेगळा होताच. दोन्ही ताक्यांची कटिंग अजून माझ्या कपाटात आहेत, इकडे आलास की उजेडात धरून बघ.

काका