डॉबरमनचं पिल्लू घरी आलंय? आधी एवढं सांभाळा

अभिनंदन! 2 महिन्यांचं पिल्लू म्हणजे अगदी योग्य वय.

सगळ्यात महत्त्वाची आहे माणसांची सवय. 'राखणीचा कुत्रा, कुणात मिसळायला नको' म्हणून त्याला साखळीला बांधतात, ही नवख्यांची सर्वात मोठी चूक. डॉबरमन घरच्यांना चिकटून राहतो. तुम्ही ओट्याशी उभे राहिलात की येऊन पायाला टेकणार. एकटा ठेवला तर भित्रा होतो, आणि भेदरलेला कुत्रा चटकन चावतो. म्हणून आत्तापासूनच रोज थोडा वेळ कडेवर घेऊन फिरवा. रिक्षा, फटाके, शाळेची मुलं, दूधवाला, सगळं लांबून शांतपणे बघू दे.

मारू अजिबात नका. फार हुशार जात आहे, खाऊ आणि शाबासकी पुरते.

बाकी थोडक्यात:

- पार्व्हो-डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांच्या लसीचे डोस साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालतात, रेबीजची लस 3 महिन्यांच्या सुमारास. तोवर रस्त्यावर खाली सोडू नका.
- नुसत्या दूध-पोळीवर वाढवू नका, हाडं कच्ची राहतात. दिवसातून 3-4 वेळा थोडं थोडं द्या. जेवल्यावर तासभर पळवू नका. मोठेपणी तर पोट फुगून पीळ पडला की जिवावर बेततं.
- केस आखूड, खाली लोकरीचा थर नाही. थंडीत गोणपाट किंवा गादी हवीच.
- कान कापून घेऊ नका. लोंबते कान सुंदरच दिसतात.

या जातीत हृदयाचा आजार आढळतो, पण त्याच्या तपासण्यांचं तो मोठा झाल्यावर सविस्तर सांगेन. सध्या डॉक्टर ठरवा आणि पहिली लस चुकवू नका.