पैसा भरपूर आहे, मुलगा लाडावतोय, काय करू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टरांचा बिझनेस छान चाललाय, प्रभादेवीला टॉवरमध्ये नवीन फ्लॅट घेतलाय, मुलगा आठ वर्षांचा, आणि हल्ली तो सोफ्यावर लोळत "मावशी, चार्जर आण" असं ओरडतो तेव्हा तुम्हाला कसंतरीच होतं. शिवाय पुढच्या महिन्यात वाढदिवस, आणि वर्गातल्या तीसच्या तीस मुलांना महागडं रिटर्न गिफ्ट हवंय त्याला. वाढदिवसाचं शेवटी सांगते.

मी कौन्सेलर वगैरे नाही हं. गिरगावात राहते, मराठीच्या शिकवण्या घेते, मलबार हिल, पेडर रोड, वरळी असं घरोघरी जाऊन, सतरा वर्षं झाली. २०२० मध्ये सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी सक्तीची करणारा कायदा आला आणि मग आयसीएसई, आयबीवाल्या आयांचे फोन सुरू झाले ते अजून थांबलेले नाहीत. तर ज्याला तुम्ही श्रीमंत घर म्हणता ती मी आतून बघितलीत, डायनिंग टेबलच्या एका कोपऱ्यात बसून, आणि शिकवणीच्या बाईसमोर लोक फार काही लपवत नाहीत.

या मुलांना मराठी येत नाही असं सगळे म्हणतात पण ते खरं नाही. आण, दे, काढ, उचल, थांब हे एकदम पक्कं येतं. म्हणजे आज्ञार्थ, तोही एकवचनी. "आणता का", "जरा द्याल का" हे मात्र मला वहीत लिहून घोटून घ्यावं लागतं, कारण घरात ते कानावरच पडलेलं नसतं. पंचावन्न वर्षांच्या ड्रायव्हरला घरातले सगळेच अरे-तुरे करतात, महाराजांना किचनमधून हाक मारून बोलावतात, मग पोरगं काय वेगळं बोलणार? तेव्हा मुलाला ओरडायच्या आधी एक आठवडा फक्त मोठी माणसं घरात कशी बोलतात ते ऐका, मिस्टर फोनवर वॉचमनशी कसे बोलतात तेही. (एका बिल्डिंगमध्ये मला पहिल्या दिवशी सर्व्हिस लिफ्टने जायला सांगितलं होतं. सांगणारा वॉचमन आमच्या रत्नागिरीकडचाच निघाला, त्याला तरी काय बोलणार.)

पण नुसतं "प्लीज" म्हणायला शिकवून भागत नाही, कारण गोड बोलून राबवून घेणारी मुलंही मी भरपूर पाहिलीत. मला विचाराल तर मूल पैशाने बिघडत नाही, त्याची चूक रोज दुसऱ्या कुणीतरी निस्तरली की बिघडतं, आणि पैसेवाल्या घरात निस्तरायला माणसं जास्त असतात एवढंच.

वरळीला एक मुलगा होता, सातवीतला, हुशार, स्वभावाने चांगला. पण विसराळू, आठवड्यातून दोनदा तरी काहीतरी घरी राहायचं, कधी प्रोजेक्ट कधी फुटबॉलचे शूज, मग आईला शाळेतून फोन, ड्रायव्हरकाका वरळीहून ट्रॅफिकमधून ते घेऊन फोर्टला जायचे, आणि पोचायला उशीर झाला तर संध्याकाळी तो मुलगा काकांवरच चिडायचा. काकांचं जेवण राहिलेलं असायचं हे त्याच्या गावीही नव्हतं. एकदा मी तिथे असतानाच हे सगळं झालं आणि त्याची आई एकदम गप्प झाली. दुसऱ्या दिवसापासून तिने नियम केला, विसरलेली वस्तू शाळेत जाणार नाही. पहिल्याच आठवड्यात सायन्सचा प्रोजेक्ट राहिला, मार्क गेले, घरी दंगा, आजीचं वेगळंच रडगाणं, "एवढ्या दोन गाड्या कशाला घेतल्यात मग". आई हलली नाही. मला मनातून वाटत होतं ही आठ दिवसांत ढिली पडेल, पण नाही पडली. साधारण दिवाळीपर्यंत तो रात्रीच दप्तर भरून दाराशी ठेवायला लागला. अजूनही विसरतो म्हणा, पण आता फोन करत नाही.

खाली कमेंटमध्ये एकांनी सुरतच्या सावजी ढोलकियांचं उदाहरण दिलंय. २०१६ मध्ये त्या हिरे व्यापाऱ्याने २१ वर्षांच्या मुलाला तीन जोड कपडे आणि ७,००० रुपये देऊन महिनाभर कोचीला पाठवलं, तेही पैसे अडीअडचणीलाच वापरायचे, वडिलांचं नाव सांगायचं नाही, मोबाइल नाही, एका जागी आठवड्याच्या वर काम नाही. मुलाने बेकरीत, चपलांच्या दुकानात, कॉल सेंटरमध्ये काम केलं. आवडली मला ती गोष्ट, पण तुमचा आठ वर्षांचा आहे, त्याला कोचीला नाही पाठवता येणार, आणि एकविसाव्या वर्षापर्यंत वाट बघायची गरजही नाही. थोडा मोठा झाला की बेस्टच्या बसने शिवाजी पार्कला पाठवा, आधी चार वेळा तुम्ही बरोबर जा. साध्या बसचं कमीत कमी तिकीट २०२५ पासून १० रुपये झालंय, पण खरी किंमत स्टॉपवर वीस मिनिटं उभं राहण्याची आहे, कारण या मुलांना वाट बघायची सवयच नसते, गाडी कायम खाली चालू असते.

आणि "आपल्याकडे पैसे नाहीत" असं कृपा करून सांगू नका. एक वडील सांगायचे, पोराला पार्किंगमधल्या तीन गाड्या दिसत होत्या, तो मलाच म्हणाला, "टीचर, पप्पा फेकतात." पैसे आहेत, पण यावर घालवायचे नाहीत असं सरळ सांगा, चिडेल थोडा वेळ.

मिस्टरांशी एक गोष्ट आत्ताच बोलून घ्या. मुलाच्या नावाने एफडी, म्युच्युअल फंड करून ठेवतात लोक, तो अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा, असेपर्यंत त्यावरची कमाई आईबाबांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यातच धरतात, म्हणजे टॅक्सही फारसा वाचत नाही, आणि १८ वर्षं पूर्ण झाली की सगळं कायद्याने त्याचं, तुमच्या सहीला अर्थ नाही. अठराव्या वर्षी एवढी रक्कम हातात द्यायची नसेल तर ट्रस्ट करता येतो, त्यात कुठल्या वयात किती ते लिहिता येतं, सीएला विचारा. उलट छोटी रक्कम लवकर हातात द्या. दहा वर्षं पूर्ण झाली की मुलाला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, मर्यादा बँक ठरवते. महिन्याचे पैसे त्यात टाका आणि दहा तारखेला संपले तर संपले. आजोबांनाही तंबी द्या, सगळी गळती तिथेच होते.

आता वाढदिवस. खारला एका मुलीच्या आईने तिला एकूण आकडा सांगितला, यात हॉल, केक, रिटर्न गिफ्ट सगळं बसव म्हणाली. पोरगी दोन दिवस कागद घेऊन बसली, मला भागाकार विचारत होती, मराठीच्या तासाला! शेवटी तीसऐवजी नऊ मुलं बोलावली, घरीच, आणि केक मात्र तीन मजली.