पिल्लं परत द्यायला जाऊ नकोस

धायरी, पुणे
गुरुवार रात्र

बाळा,

अनेक आशीर्वाद.

रात्री साडेअकराला तू विकत आणलेल्या कोंबडीच्या पिल्लांचे सतरा फोटो आणि खाली एकच ओळ, "काकू, अजून दोन गेली." फोनच केला असता, पण फोनवर तू निम्मं ऐकतोस आणि उरलेलं मनाने भरतोस. म्हणून लिहून पाठवतेय. छापून घे आणि शेडच्या दाराला अडकव.

सगळ्यात आधी हे: पिल्लं परत द्यायला जाऊ नकोस. उद्या सकाळी खोकं उचलून ज्याच्याकडून घेतलीस त्या माणसाच्या दारात जातो म्हणतोस. राग येणारच. पण तो ती पिल्लं घेईल आणि त्यातली पायावर उभी राहणारी दुपारपर्यंत दुसऱ्या कुणाच्या खोक्यात घालेल. बदल्यात तुला देईल ती पिल्लंही त्याच गादीवरची, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या त्याच थरावरची. तेव्हा पैसे गेले असं समज. चाळीसातली चौतीस उरलीत, त्यांच्याकडे बघू.

उबेपासून सुरू कर. फोटोत वर टांगलेला बल्ब पांढराशुभ्र आहे, म्हणजे एलईडी. त्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. इंटरनेटवर वाचून केलेल्या दहा ब्रूडरपैकी (पिल्लांना ऊब देणारं खोकं म्हणजे ब्रूडर) निम्म्यांत मला हेच दिसतं. जुना, पिवळ्या उजेडाचा, तारेचा साठ वॅटचा बल्ब लागतो. जवळ मिळाला नाही तर तपकीर गल्लीत विचार. पिल्लामागे दोन वॅट हा आमचा ढोबळ हिशोब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश लागतात, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायचे. तुझ्या तीन आठवड्यांच्या पिल्लांना एरवी तीस पुरले असते, पण आजाऱ्याला जास्त लागतं, आणि सध्या पुण्यात पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतोय. आज रात्रीपुरतं गरम पाणी बाटल्यांत भर, बाटल्या जुन्या सुती साडीत गुंडाळ आणि खोक्याच्या एका कडेला ठेव. एकाच कडेला, म्हणजे ज्याला उकडेल त्याला दूर सरकता येईल.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्लं बल्बखाली एकावर एक चढून चिवचिवत असतील तर गारठलीत. कडेला पसरून चोची उघड्या टाकून बसली असतील तर तापलीत. सगळी एकाच कोपऱ्यात दाटली असतील तर कुठूनतरी वाऱ्याचा झोत येतोय. तो बंद कर, पण वरची हवा कोंडू नकोस.

दुसरं खोकं घे. पंख ओघळलेली, मान आत घेऊन डोळे मिटून बसलेली, हाताने उठवल्यावर दोन पावलं टाकून पुन्हा बसणारी, ही सगळी त्यात. फोटोत मला अशी नऊ दिसली, तुला अकरा दिसतील. आणि आजीच्या पाच कोंबड्या? त्या शेडमध्येच पलीकडे आहेत ना? आजच्या आज त्यांना मागच्या पडवीत हलव. खाणंपाणी करताना आधी आजीच्या कोंबड्या, मग बरी पिल्लं, शेवटी आजारी. उलट दिशेने कधीही जायचं नाही. आजारी खोक्यासाठी वेगळी चप्पल, वेगळं भांडं, आणि नंतर साबणाने हात. तुझी भाची पिल्लांचे पापे घेतानाचा फोटोही त्या सतरात आहे. तो प्रकार थांबव. अशा पिल्लांच्या अंगावर साल्मोनेला हा जंतू असू शकतो आणि चार वर्षांच्या पोरीला तो फार त्रास देतो.

आता गादी. तू वर्तमानपत्रं पसरलीस. कागदावर पिल्लांचे पाय घसरतात, मांड्या फाकतात आणि ती कायमची अधू होतात. ओलावाही वरच राहतो. ते सगळं गोळा करून गोणीत भर आणि भाताचं तूस दोन इंच पसर. मुळशीकडच्या कुठल्याही गिरणीवर मिळेल. रोज सकाळी मूठभर तूस दाबून बघायचं. लाडू वळला तर ओलं झालं, बदलायचं. हे मी का सांगतेय ते पुढे येईल.

चौथ्या फोटोतल्या पिल्लाच्या शेपटीखाली पांढरा गोळा चिकटून वाळलाय. त्याने वाट बंद होते आणि पिल्लू तसंच मरतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून तिथे धरून ठेव, चांगली दोन मिनिटं. मऊ झाल्यावर तो आपोआप सुटतो. ओढायचा नाही, ओढलास तर कातडं निघतं. मग कोरड्या फडक्याने टिपून पिल्लू उबेत सोड, ओलं ठेवू नकोस. (पुढेमागे एक दिवसाची पिल्लं आणलीस तर लक्षात ठेव, शेपटीखालच्या त्या जागेच्या पुढे पोटाकडे एक काळसर खपली असते. ती त्याची बेंबी. ती घाण समजून खरवडणारे लोक मी पाहिलेत.)

पाणी कोमट, लिटरला चमचाभर गूळ, तेही पहिले दोनतीन तासच. जे पीत नसेल त्याच्या चोचीच्या कडेला थेंब लाव, ते आपण होऊन गिळेल. ड्रॉपर घशात खुपसून पिळू नकोस, पाणी फुप्फुसात जाईल.

औषध मी मुद्दाम एवढ्या उशिरा काढलं. खाद्याच्या दुकानदाराने तुला तीन बाटल्या दिल्या आणि तू तिन्ही एकाच पाण्यात ओतल्यास. एक प्रतिजैविक, एक बी-कॉम्प्लेक्स, एक लिव्हर टॉनिक. दुकानदाराने तुझी पिल्लं पाहिली नाहीत, विष्ठा पाहिली नाही, वय विचारलं नाही. अशाच एका दुकानातून मला एकदा कोलिस्टिन देत होते. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना ते द्यायला २०१९ पासून देशात बंदी आहे. म्हणून म्हणते, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय प्रतिजैविकाला हात लावू नकोस. आहे ते पाणी ओतून टाक.

तुझ्या फोटोतल्या विष्ठेत रक्त आहे आणि पिल्लं तीन आठवड्यांची आहेत. विकणारा महिन्याची म्हणाला असेल, पण डोक्यावर अजून लव आहे आणि पंख तेवढे भरलेत. हे वय आणि हे रक्त बघून मला रक्ती हगवण वाटते, म्हणजे कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीचा रोग. त्या परजीवीची अंडी विष्ठेतून गादीत पडतात आणि ऊब-ओल मिळाली की एकदोन दिवसांत पिकतात. मग पिल्लू तीच टिपतं. म्हणून तो लाडू. नुसत्या फिनेलने ती मरत नाहीत. यावर अँप्रोलियम हे पाण्यातून द्यायचं औषध आहे. पाण्यातून अशासाठी की आजारी पिल्लू खाणं सोडतं, पण पाणी बराच काळ पितं. त्या दिवसांत दुसरं पाणी ठेवायचं नाही आणि बी-कॉम्प्लेक्स बंद, कारण अँप्रोलियम कॉक्सिडियाला बी-१ मिळू देत नाही, तेच त्याचं काम. तू वरून बी-१ ओतलंस तर दोन्ही पैसे वाया.

पण हे "मला वाटतं" झालं. फोटोवरून निदान करणारी बाई आणि तो दुकानदार यांत फार फरक नाही. नक्की काय ते पोट फाडल्यावरच कळतं. औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. रात्रीत पिल्लू गेलं तर दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांध, बर्फाच्या डब्यात ठेव आणि सकाळीच घेऊन जा. फ्रीजरमध्ये टाकू नकोस, गोठलं की आतलं काही नीट दिसत नाही. एखादं मरायला टेकलेलं सोबत नेलंस तर आणखी बरं. यूट्यूब बघून घरी फाडाफाडी करायची नाही. बाकीची मेलेली खोल खड्ड्यात चुना टाकून पूर, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकी खोल. ओढ्यात नाही, सोसायटीच्या कचऱ्यात नाही. आणि आजीच्या मोठ्या कोंबड्याही एकदम पटापट मरायला लागल्या, तुरे निळे पडले, तोंडं सुजली, तर कशालाच हात न लावता १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन कर. बर्ड फ्लूची शंका लपवायची नसते, २००९ च्या कायद्यानेही कळवणं बंधनकारक आहे.

"सगळ्या लशी झाल्यात" हे त्या विकणाऱ्याचं वाक्य तू दोनदा लिहिलंयस. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात टाकतात. दोन आठवड्यांच्या सुमाराला गंबोरो या दुसऱ्या रोगाची. मग चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा आणि सहा-आठ आठवड्यांनी आरटूबी ही मानमोडीचीच लस टोचतात. मग तीन आठवड्यांच्या पिल्लाच्या सगळ्या लशी झाल्या कशा? त्याला एकच विचारायचं होतं, कुठली लस, कुठल्या तारखेला? बरं, आता घाईने स्वतः लस आणून टोचू नकोस. आजारी पिल्लाला लस देत नाहीत.

मानमोडी शब्द जुना. म्हातारी माणसं १९१८ च्या फ्लूच्या साथीलाही मानमोडीच म्हणायची. कोंबडीत मात्र तो शब्दशः दिसतो, आणि मी तो दुसऱ्याच्या अंगणात पाहिलाय.

तेव्हा धायरीला आमच्या घरामागे दहा गुंठे मोकळे होते, आता तिथे सहा मजले आहेत. माझी पन्नासेक पिल्लं, सगळी लस दिलेली. पावसाळ्यात थोडी शिंकली, हिरवट हगली, दोन गेली, बाकीची आठवड्यात खडखडीत झाली. मला वाटलं निभावलं. वेल्ह्याहून मोठ्या जाऊबाई आल्या होत्या, त्यांना मी आठ पिल्लं दिली, करंडीत घालून, वर ओला फडका टाकून. त्यांच्या तीस गावरान कोंबड्यांना कधी लस माहीतच नव्हती. बाराव्या दिवशी मी तिथे पोचले तेव्हा चार उरल्या होत्या. एक लालसर तलंग कोंबडी अंगणाच्या मधोमध उभी होती. मान पिळवटून चोच आभाळाकडे, आणि एकेक पाऊल मागे टाकत चालली होती. भिंतीला टेकली, पडली, पुन्हा उठून मागेच. तिच्या अंड्यांच्या पैशांतून त्यांच्या मुलीचा एसटीचा पास निघायचा. जाऊबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. गौरीला नाचणी पाठवली नेहमीसारखी. अंडी मात्र त्यानंतर कधी आली नाहीत.

तू त्या माणसाला बेजबाबदार म्हणतोस. आहेच. पण मला त्याच्या जागी स्वतःला बसवून बघता येतं. माझ्या पिल्लांना लस होती, म्हणून ती वाचली, आणि वाचूनही रोग बाहेर सोडत राहिली. लहानपणी पांढरी हगवण होऊन वाचलेली कोंबडी तर आयुष्यभर तो रोग बाळगते आणि अंड्यातून पुढच्या पिल्लात देते. तेव्हा तुझ्या चौतीसातली वीस वाचली तर ती तुझी. मोठी कर, अंडी उकडून खा. पण त्यांची अंडी खुडूक कोंबडीखाली उबवायला बसवू नकोस, कुणाला भेट देऊ नकोस, आणि "स्वस्तात देतोय" असं ग्रुपवर टाकू नकोस. शेवटची मर्तुक झाल्यापासून किमान तीस दिवस आजीच्या कोंबड्याही पडवीतच. त्याआधी प्रयोगशाळेचा कागद आला तर त्याचा फोटो त्या माणसाला पाठव, शिव्या न घालता. त्याला कळत नसेल तर कळेल, आणि कळून करत असेल तर आपल्याला कळतं हे तरी त्याला कळेल.

पुढच्या वेळी खडकीच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात आधी नोंदवून एक दिवसाची घे. खाजगी माणसाकडून घ्यायची झाली तर रस्त्यावर गाडीच्या डिकीतून घ्यायची नाहीत. शेड दाखव म्हणायचं. दारातच डोळ्यांना झोंबलं तर परत फिर. लहानमोठी सगळी एकत्र सोडली असतील तरी परत फिर. आणि विचार, "मेलेली कुठे टाकता?" ज्याच्याकडे खड्डा आहे तो हात करून दाखवतो. "आमच्याकडे मरतच नाहीत" म्हणाला तर त्याच्याकडून पीसही घेऊ नकोस.

उद्या ये म्हणालायस. मी येणार नाही, माझ्याकडे अकरा कोंबड्या आहेत. तूही इकडे येऊ नकोस. तारेचे दोन बल्ब आणि चुन्याची पिशवी मी गेटच्या बाहेर कठड्यावर ठेवते, औंधला जाताना उचलून ने. हाक मारू नकोस, खिडकीतून बघेन.

तुझी
काकू