अलास्कात कयाकिंग करताना सॅमन पकडून रोजचं जेवण भागेल का?

जळगावच्या भाऊंनी विचारलंय की ऑगस्टात मित्रांसोबत आठ दिवस कयाक (वल्ह्याची अरुंद, छोटी होडी) घेऊन अलास्काच्या किनाऱ्याने जायचंय, तापीवर गळ टाकायची सवय आहे, तर शिधा कमी नेऊन सॅमनवर भागेल का?

भाऊ, शिधा पूर्ण न्या. मी चांगदेवकडचा, तापी-पूर्णेच्या संगमावर गळ टाकतच मोठा झालो. तीन वर्षांपूर्वी अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंड या खाडीत सहा दिवस वल्हं मारलं. पहिले दोन दिवस एक मासा लागला नाही आणि तिसऱ्या दिवशी अर्ध्या तासात दोन आले. अशा भरवशावर आठ दिवसांचं पोट ठेवता येत नाही. दाळ-तांदूळ, बिबडे, लाडू सगळं घ्या.

आपली कणकेची गोळी आणि गांडूळ तिथे विसरा. सॅमन जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला परत त्याच नदीत चढतो. गोड्या पाण्यात शिरला की त्याचं खाणं जवळजवळ बंद होतं. तरी समोरून चमकतं काही गेलं की चिडून झडप घालतो. म्हणून चमच्यासारखा चकाकणारा पत्र्याचा गळ लागतो. ऑगस्टात कोहो जातीचा सॅमन मिळतो, साधारण चार-पाच किलोचा. भरती चढत असताना ओढ्याच्या मुखाशी थांबा, मासे तिथेच गोळा होतात. अंग चांदीसारखं असलेलाच ठेवा. लाल-हिरवा पडलेला, जबडा वाकडा झालेला मासा अंडी घालायला निघालेला असतो, त्याचं मांसही फिकं आणि बेचव झालेलं असतं. त्याला जाऊ द्या.

गळ शक्यतो काठावर उतरून टाका. चार किलोचा मासा मांडीवर तडफडला तर कयाक कलंडायला वेळ लागत नाही, आणि ते पाणी इतकं थंड असतं की थोड्या वेळात बोटं वळेनाशी होतात. लाइफ जॅकेट काठावरही अंगातच असू द्या.

आता खरी काळजीची गोष्ट, मासा हातात आल्यानंतरची. मी पहिला मासा दोरीला बांधून कयाकमागे पाण्यात सोडला, ताजा राहील म्हणून. दहा मिनिटांनी दोरीला नुसतं डोकं उरलं होतं, बाकीचा सीलने नेला. त्याच्या जागी अस्वल असतं तर? तेव्हापासून मी मासा लागला की लगेच डोक्यावर ठोका घालतो, कल्ले कापतो आणि वाहत्या पाण्यात धरतो. रक्त धुरासारखं पसरतं आणि पाणी पुन्हा नितळ झालं की मासा साफ करायला घेतो. आतडी, डोकं, काटा यांचे बारीक तुकडे करून खोल, जोराच्या प्रवाहात टाकायचे. काठावर काहीही पडू द्यायचं नाही. चूल तंबूपासून निदान शंभर मीटर लांब, भरतीचं पाणी धुऊन नेईल अशा जागी. माशाचे हात लागलेले कपडे तंबूत नाहीत आणि लाडवांसकट सगळा शिधा अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात.

सॅमन कच्चा खाऊ नका. त्यात जंत असू शकतात, ते उणे २० अंशांना सात दिवस गोठवून मरतात, पण तिथे फ्रीज कुठला? मीठ-हळद लावून तव्यावर पाकळ्या सुटेपर्यंत भाजा. घरचा काळा मसाला चिमूटभर नेला होता, मला तो फार आवडला.

परवाना ऑनलाइन मिळतो. परदेशी माणसाला १६ वर्षांपासून पुढे लागतोच, किंग सॅमनसाठी, म्हणजे सॅमनमधल्या सगळ्यात मोठ्या जातीसाठी, वेगळा शिक्का घ्यावा लागतो. नदीत माशाच्या अंगात गळ अडकवून ओढणं बेकायदा आहे. रोज किती मासे ठेवायचे याची मर्यादा जागेनुसार असते आणि हंगामातही बदलते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी तुमच्या जागेचे नियम पुन्हा वाचा.

सरावाला हतनूरचं बॅकवॉटर आहेच, मात्र धरणावर मासेमारीचा ठेका असतो, तिथल्या भोई मंडळींना आधी विचारा. कयाक उलटवून पुन्हा आत चढायचं तिथेच शिकून घ्या, पाणी कोमट असताना.